'शाळा' लिहिलेली वही

मी १९८४ च्या दहावीचा, 'ब' तुकडीचा. शाळेच्या फाटकासमोरच्या चाळीत, तळमजल्यावर किराणा आणि स्टेशनरीचं दुकान होतं, ते आमचं. पाटीवर देवाचं नाव होतं, पण अख्खं लालबाग 'अण्णांकडून आण' एवढंच म्हणायचं. अण्णा म्हणजे माझे वडील.

दुकानदाराच्या पोराला रोज नवी वही, असा वर्गाचा समज होता. मला मिळायच्या त्या उंदरांनी कोपरा कुरतडलेल्या, नाहीतर पावसानं पुठ्ठा फुगलेल्या. चांगला माल गिऱ्हाइकाचा. मे महिन्यात अण्णा अब्दुल रहमान स्ट्रीटवरून गठ्ठे आणायचे, दुरेघी, चौकटी, शंभर पानी, दोनशे पानी. आणि अख्खी सुट्टी मी ब्राऊन पेपर कापत बसायचो.

शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिका रद्दीत निघत आणि पुड्या बांधायला आमच्याकडेच येत. एकदा माझ्या बाकावरच्या मित्राचा बीजगणिताचा पेपर हाती लागला. अकरा मार्क! मी तो मुद्दाम सगळ्यांना दिसेलसा वर ठेवला. अण्णांनी तो उचलला, नाव आणि मार्क आत जातील असा दुमडला आणि त्यात शेंगदाणे बांधले. गिऱ्हाईक गेल्यावर माझा कान पिळला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी आठवीत होतो. अडीच लाख कामगार बाहेर. भोंगे गप्प झाले, पाळी सुटल्यावरची दुकानातली झुंबड गेली. महिना-दोन महिन्यांत मिटेल, असं सगळे म्हणायचे. लोकांचा डॉ. दत्ता सामंतांवर विश्वास होता आणि अण्णांचा लोकांवर.

म्हणून अण्णांना देवमाणूस ठरवायला नको. तांदूळ-तेलाची उधारी त्यांनी गणपतीनंतर थांबवली. मशीद बंदरचा व्यापारी त्यांच्यासाठी थोडाच थांबणार होता? त्यावरून दुकानाच्या पायरीवर भांडणं झाली, आईनं बायकांचे टोमणे ऐकले. वह्या-पेनांसाठी मात्र त्यांनी वेगळी वही घातली, वर मोठ्या अक्षरात 'शाळा' लिहिलं. ती चालूच राहिली.

मला खुपायचं ते दुसरंच. वर्गातली मुलं दुकानासमोरून जाईनाशी झाली. फाटक समोर असताना मागच्या गल्लीतून वळसा घालून यायची. तो बीजगणितवाला मित्र बाकावर शेजारी बसूनही माझ्याशी बोलेना. मी त्याला पैशांबद्दल अक्षरानंही विचारलं नव्हतं. पण त्याच्या नावावर एक कंपास आणि सहा वह्या मांडलेल्या मला ठाऊक होत्या, आणि मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं. नववीच्या दिवाळीत त्याचं बिऱ्हाड सातारा जिल्ह्यातल्या गावी गेलं. तो परत आला नाही. सर महिनाभर हजेरीत त्याचं नाव घेत राहिले.

पुढे किती वर्षांनी कोण जाणे, एका सकाळी अण्णा मोरीत बंब पेटवत बसले होते. 'शाळा' वहीची पानं एकेक फाडून आत घालत होते. मी म्हटलं, "अहो, रद्दीत तरी द्यायची!"

"पोरांची नावं आहेत त्यात," ते म्हणाले.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "घ्या आंघोळ करून. एवढं महाग पाणी तुमच्या सात पिढ्यांनी अंगावर घेतलं नसेल."