लांब तंगड्या आणि एक इंची पाइप

घडीची सायकल विकणारा प्रत्येक जण एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो: एकच साइज, घरात सगळ्यांना चालते. पाच फुटी वहिनींना चालते आणि सव्वासहा फुटी भाऊंनाही चालते. त्यातला सव्वासहा फुटी भाऊ मी. चालते हे खरं आहे, पण चालवताना गुडघे हनुवटीच्या भेटीला येतात, ते कोणी सांगत नाही.

आमच्या आजोबांच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. काळी सायकल घ्यायला गेलं की दुकानदार आधी गिऱ्हाइकाकडे खालून वर बघायचा आणि मग विचारायचा, बावीस घ्यायची की चोवीस? हे माप चाकाचं नव्हे, फ्रेमचं. उंच माणूस चोवीस इंची घेई. पोरं त्याच सायकलीच्या मधल्या दांड्याखालून पाय घालून हाफ पेडल मारत, पण तो त्यांचा प्रश्न होता. उंची फ्रेमनं सांभाळायची आणि सीटखालच्या नळीनं फक्त दोन-चार बोटांचा फरक भरून काढायचा, अशी ती वाटणी होती. घडीच्या सायकलीत फ्रेम सगळ्यांना सारखी आणि बुटकी. मग पाच फूट आणि सव्वासहा फूट यांच्यातला सगळा हिशेब एकट्या नळीच्या अंगावर पडतो. हिला दुकानदार सीटपोस्ट म्हणतात, आमचा मिस्त्री सीटचा पाइप म्हणतो.

सायकल घेतली ती अप-डाऊनसाठी. अमळनेरहून सुरत-भुसावळ लाइनीनं जळगाव, आणि तिथून एमआयडीसी. रिक्षावाल्याशी रोज घासाघीस करण्यापेक्षा घडी घालून गाडीत टाकावी, उतरून उलगडावी, हा साधा बेत होता. पहिल्या आठवड्यातच गुडघ्याची वाटी पुढून दुखायला लागली. सीट खाली असली की पाय कधीच पूर्ण उलगडत नाही आणि सगळा दाब गुडघ्यावर येतो.

सीट किती वर हवी, याचा एक सोपा हिशेब आहे. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं, पायांमध्ये जाड पुस्तक घट्ट वर सरकवायचं आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावायचा. येईल त्या आकड्याला ०.८८३ नं गुणायचं. अमेरिकन रेसर ग्रेग लेमाँ याच्यामुळे हा आकडा जगभर झाला. पेडलच्या दांड्या जिथं फिरतात त्या मधल्या गाभ्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचं अंतर म्हणजे हे उत्तर. माझा पाय ९२ सेंटिमीटर, म्हणजे सीट ८१ वर हवी. फ्रेमची नळी गाभ्यापासून ३२ वर संपते, सीट आणि तिला नळीवर पकडणारा क्लॅम्प मिळून ६. उरले ४३ सेंटिमीटर, ते सीटपोस्टनं बाहेर दाखवायचे. माझी सीटपोस्ट अख्खी पन्नासची. त्रेचाळीस बाहेर काढली तर आत सात राहतात, आणि नळीवर कोरलेली ‘याच्यावर काढू नका’ची रेघ केव्हाच बाहेर येऊन उन्हात तापत बसते.

ती रेघ उगाच नसते. पंच्याऐंशी किलोचा माणूस जवळजवळ अर्धा मीटर वर बसून खड्ड्यात आदळतो तेव्हा नळीचं बूड फ्रेमला पहारीसारखं उचकटत असतं. आत नळी जितकी कमी, तितका तो जोर थोड्या जागेत एकवटतो. मग एक तर नळी वाकते, नाहीतर फ्रेमचं तोंड अंडाकृती होतं, आणि नवी फ्रेम काही स्टेशनरोडला मिळत नाही.

म्हणून लांब नळी शोधायला निघालो. ती मिळत नाही याचं कारण लांबी नव्हतं, जाडी होतं. साध्या सायकलींना पुष्कळदा २७.२ मिलिमीटरची नळी येते. घडीच्या सायकलींनी आपापली मापं काढली. लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी १९७५ च्या सुमारास ब्रॉम्प्टनचा आराखडा करायला घेतला, तिची नळी ३१.८ ची. अमेरिकेत लेझरवर काम करणारे डेव्हिड हॉन तेलटंचाईनं वैतागून सायकलीकडे वळले आणि त्यांनी १९८२ मध्ये दाहोन सुरू केली. तिच्या बहुतेक सायकलींना ३३.९ ची नळी, आणि मागून आलेल्या कितीतरी कंपन्यांनी हेच माप उचललं. माझ्या सायकलीलाही तेच. त्यात शहाणपण आहे. पत्र्याची जाडी तीच ठेवून नळी २७.२ वरून ३३.९ केली की तिचा ताठपणा जवळपास दुप्पट होतो. लांब नळीला तेवढा हवाच. पण ३३.९ हा आकडा अमळनेरच्या सायकल दुकानात उच्चारून बघा. मिस्त्री मान वर न करता अहिराणीत म्हणाला, “सुतमा सांगा भाऊ.” एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी हिशेब केला: एक इंच आणि जवळपास पावणेतीन सूत. त्यानं माझ्याकडे, मग सायकलीकडे पाहिलं आणि निकाल दिला, “तुमना पाय लांबा शेतस, सायकलना काय दोष?”

आता गंमत अशी की मी रोज उतरतो ते जळगाव म्हणजे पाइपांचं गाव. ठिबकच्या नळ्या, पीव्हीसी, एचडीपीई. केळीच्या बागांना पाणी नेणाऱ्या पाइपांच्या गुंडाळ्या ट्रकच्या ट्रक भरून जातात. तिथं मला हातभर नळी मिळू नये? पीव्हीसीत ३२ आहे, त्यानंतर एकदम ४०. मधे काही नाही. अर्थात पीव्हीसीवर मी बसणार नव्हतोच, पण माणूस नळी शोधायला लागला की त्याला प्रत्येक पाइप आशेनं बघावासा वाटतो.

एमआयडीसीतल्या लेथवाल्यानं मात्र व्हर्नियर काढला. “अरे भो, हे तर आपलं एक इंची जीआय!” मला हसू आलं, पण गडी खरं बोलत होता. जीआय म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाइप, घरच्या नळाचा. त्याचं एक इंच हे आतल्या पोकळीचं ढोबळ माप. बाहेरून तो पाइप ३३.७ मिलिमीटर भरतो. माझ्या नळीपेक्षा ०.२ नं कमी. आणि कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ चा. तो कापून पाइपाला एक वेढा दिला की दोन्ही बाजूंनी मिळून नेमका ०.२ भरतो. म्हणजे परदेशातून मागवायची जी वस्तू, ती घराच्या नळाचा पाइप अधिक एक रिकामा डबा अशी तयार! सायकलवाले हा डब्याचा पत्रा जगभर वापरतात, त्यात आपण काही नवीन केलं नाही. पण एक इंची पाइपाशी जमलेला हा योग बघून मला दोन दिवस उगाच श्रीमंत झाल्यासारखं वाटलं.

तो पाइप मी बसवला नाही. एक तर वजन. जीआय पाइप मीटरला दोन-अडीच किलो भरतो. साठ सेंटिमीटरचा तुकडा दीड किलोच्या आसपास, त्याच लांबीची ॲल्युमिनियमची नळी अर्ध्या किलोच्या घरात. जिना चढताना एक किलो म्हणजे एक किलो. दुसरं, नळाच्या पाइपाच्या मापात सूट असते, कुठे अर्धा मिलिमीटर जाडही निघतो. असा तुकडा फ्रेममध्ये अडकला की रोज खालीवर करायची सीट कायमची उंच, आणि सायकल घडीची राहणार नाही. लेथवाला तासून द्यायला तयार होता. तासून दिला असता तर मी आज हे वेगळं लिहिलं असतं.

अमळनेरच्या मिस्त्रीचा तोडगा जास्त अस्सल होता. “जुनं स्प्रिंगवालं सीट टाकी देसू,” म्हणाला. काळ्या सायकलीचं ते रुंद सीट, खाली गरगरीत स्प्रिंगा. रेसच्या पातळ सीटपेक्षा ते सहज दोन-तीन सेंटिमीटर उंच असतं. माझ्या नळीचं वरचं टोक साधंच असल्यानं जुना क्लॅम्प बसलाही. नळी न बदलता उंची वाढवण्याची ही सगळ्यात स्वस्त युक्ती आहे आणि ती कोणत्याही परदेशी माहितीपत्रकात मिळणार नाही. खड्ड्यांवरही बरं. फक्त चढावर स्प्रिंगा कुरकुरतात, पण खान्देशात सातपुडा सोडला तर चढ आहेत कुठे?

शेवटी साठ सेंटिमीटरची ॲल्युमिनियमची ३३.९ नळी मागवली, आली, बसली. रेघ आत गेली. गुडघा गप्प झाला. ज्यांना याहून लांब पाय दिलेत त्यांनी ब्रॉम्प्टनवाले देतात तशी दुहेरी नळी बघावी, नळीत नळी सरकणारी. लांबी पुष्कळ आणि घडीही लहान राहते. वजन आणि किंमत मात्र त्या बेतानं वाढतात.

नळी लांब झाल्यावर ज्या गोष्टी घडतात त्या कोणी आधी सांगत नाही, म्हणून सांगतो. सीटची नळी सरळ उभी नसते, मागे कललेली असते. साधारण ७२ अंशांचा कोन धरला तर दहा सेंटिमीटर वर गेलं की माणूस तीन सेंटिमीटर मागे सरकतो. लहान चाकाच्या सायकलीत तेवढ्यानं वजन मागच्या चाकावर झुकतं. पुलाचा चढ लागला की पुढचं चाक हलकं लागतं आणि हॅन्डल उगाच इकडेतिकडे बघायला लागतं. उपाय एकच, सीट क्लॅम्पमध्ये पुढे ओढून घ्यायची.

दुसरी गोष्ट घडीची. घडी घातल्यावर सीटपोस्ट खाली सोडतात, ती फ्रेममधून आरपार जाऊन जमिनीला टेकते आणि सायकल तिच्यावर उभी राहते. नळी दहा सेंटिमीटर लांब, तर घडी घातलेली सीटही दहा सेंटिमीटर उंच. पूर्वी डब्यात बाकाखाली आडवी सरकायची, आता सीट पॅसेजमध्ये डोकं काढते आणि येणारा-जाणारा तिला ठेचकाळतो. नळी पार उपसून हातात धरावी, तर गर्दीत लोक दांडका बघून बाजूला होतात. सोय आहे, पण शोभत नाही.

म्हणून आता सायकल दाराजवळ उभी ठेवतो. वजन सरळ नळीवरून जमिनीत जात असल्यानं तिच्यावर बसताही येतं, हा शोध माझा नाही, अप-डाऊनवाल्या मंडळींचा. जागा नसली की आळीपाळीनं बसतात. धरणगावला चढणारे एक सर आहेत, पाच फुटाच्या आतबाहेर. परवा दोन्ही पाय अधांतरी ठेवून बसले होते. म्हणाले, “भाऊ, सीट जरा खाली करता का? टेकत नाही.”

“सर, ही एवढीच खाली होते.”

“मग लहान पाइप टाका ना एखादा.”

जुनी नळी घरी माळ्यावर आहे. सोमवारी घेऊन येतो म्हटलं.