तुम्ही विचारलंत म्हणून: दोन पासपोर्टांपैकी एअरपोर्टवर कुठला दाखवतेस?

सांगलीला गेले आणि कुणाचं लग्न असलं की पंगतीत कुणीतरी विचारतंच, "तुझ्याकडे दोन-दोन पासपोर्ट आहेत म्हणे, मग एअरपोर्टवर कुठला दाखवतेस गं?" आणि लगेच पुढचं वाक्य, "मग आपलापण ठेवायचास की तिसरा!" हातात जिलेबी असताना हे नीट सांगता येत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकते.

आधी तिसऱ्याचं, म्हणजे भारतीय पासपोर्टचं. 2005 ला मी इंग्लंडला गेले, 2012 ला ब्रिटिश नागरिक झाले आणि त्याच दिवशी भारताची नागरिक राहिले नाही. मी काही लिहून दिलं नव्हतं, ते आपोआप जातं, 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 तसंच आहे, स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की भारताचं संपलं. मग जुना पासपोर्ट नेऊन द्यायचा, तो रद्दचा शिक्का मारून परत मिळतो, सोबत सरेंडर सर्टिफिकेट. आता माझ्याकडे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे आणि त्याच्या नावात सिटिझन हा शब्द असल्यामुळे निम्म्या नातेवाइकांना वाटतं की हेच ते दुहेरी नागरिकत्व. नाही हो. तो आयुष्यभराचा व्हिसा समजा. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली चालते, त्यामुळे भाऊ चिडवत असतो की ताई, तुझं नाव सातबाऱ्यावर लागेल पण मतदार यादीत नाही.

दुसरा पासपोर्ट ऑस्ट्रेलियाचा. 2016 ला मेलबर्नला आलो, 2021 ला तो मिळाला. ब्रिटनला दुसरं नागरिकत्व चालतं, ऑस्ट्रेलियालाही चालतं (त्यांचे लोक दुसऱ्या देशाचे नागरिक झाले तर पूर्वी ऑस्ट्रेलियाचं जायचं, 2002 ला तो नियम काढला), म्हणून दोन.

आता मुख्य प्रश्न. लोकांना वाटतं दोन पासपोर्ट म्हणजे आपली मर्जी, आज हा उद्या तो. प्रत्यक्षात उलट आहे, प्रत्येक देशाला तुम्ही फक्त त्याचेच वाटता आणि तसंच वागावं लागतं. इमिग्रेशनवाला बघतो तुम्ही कोण म्हणून आलात-गेलात, आणि एअरलाइनवाल्याला एवढंच बघायचं असतं की पुढच्या देशात तुम्हाला घेतील की नाही. हे दोघं वेगळे आहेत हे डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

माझी सांगलीची एक फेरी सांगते. माझं ओसीआय ब्रिटिश पासपोर्टवर आहे, त्यामुळे भारतात मी ब्रिटिश. मेलबर्नला चेक-इनला ब्रिटिश पासपोर्ट आणि ओसीआय, पुढे इमिग्रेशनला ऑस्ट्रेलियन. मुंबईत उतरल्यावर परत ब्रिटिश आणि ओसीआय. मेलबर्नला परत येताना मुंबईच्या चेक-इन काउंटरवर ऑस्ट्रेलियन, कारण ब्रिटिश दाखवला तर ते ऑस्ट्रेलियाचा व्हिसा मागणार, पण दहा पावलांवरच्या इमिग्रेशनला ब्रिटिश, कारण आले त्यावर. एकदा तिथल्या साहेबांनी बोर्डिंग पास बघितला, ब्रिटिश पासपोर्टची पानं पुढून मागून चाळली आणि विचारलं, ऑस्ट्रेलियाचा व्हिसा कुठाय यात? मी दुसरा काढून ठेवला. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून फोटो जुळवला, ओसीआयवरचं जन्मस्थान वाचलं आणि मराठीत म्हणाले, "सांगलीच्या होय? दोन-दोन कशाला सांभाळताय?" आणि शिक्का मारला.

युरोपात फिरताना मात्र कुठलाही एकच धरायचा. ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडल्यापासून माझे दोन्ही पासपोर्ट तिथे सारखेच, 180 दिवसांत 90 दिवस. एकावर शिरून दुसऱ्यावर बाहेर पडलात तर पहिला माणूस त्यांच्या हिशेबात अजून आतच आहे.

ब्रिटनचं तर 25 फेब्रुवारी 2026 पासून अजूनच कडक झालंय. आधी ऑस्ट्रेलियातले माझ्यासारखे कितीतरी जण ब्रिटिश पासपोर्ट एक्स्पायर होऊ द्यायचे आणि ऑस्ट्रेलियनवर बिनधास्त जाऊन यायचे. आता ऑस्ट्रेलियन माणसाला जायच्या आधी ईटीए (ऑनलाइन काढायचा प्रवास परवाना) लागतो आणि ब्रिटिश नागरिकाला तो मिळतच नाही, म्हणजे ब्रिटिश पासपोर्ट पाहिजेच, नाहीतर दुसऱ्या पासपोर्टसाठी सर्टिफिकेट ऑफ एन्टायटलमेंट (ब्रिटनमध्ये राहायचा हक्क असल्याचा दाखला), ज्याची फी फेब्रुवारी 2026 मध्ये 589 पौंड होती. पासपोर्ट रिन्यू करणं त्याच्यापुढे स्वस्त पडतं, तेव्हा तारखा बघत जा.

आणि "दोन देश पाठीशी आहेत" हे मावशीचं आवडतं वाक्य. ब्रिटनमध्ये मी अडकले तर ऑस्ट्रेलियाची वकिलात फारसं काही करू शकत नाही, कारण तिथे मी ब्रिटनचीच नागरिक. हे 1930 च्या हेगच्या करारापासून चालत आलंय.

एवढं सगळं पाठ असूनही माझी फजिती झालीच. दोन्ही पासपोर्ट गडद निळे. माझा पहिला ब्रिटिश मरून होता, 2022 ला रिन्यू केल्यावर तोही निळा आला, त्यामुळे आता ब्रिटिशला लाल रबर बँड लावते, पण त्या दिवशी नव्हता. लंडनहून परत निघताना काउंटरवर ब्रिटिश पुढे केला, त्या मुलीने दोन-तीनदा टाइप केलं आणि म्हणाली, मॅम, व्हिसा दिसत नाहीये. पर्समध्ये बघते तर दुसरा नाहीच. तो नवऱ्याच्या सॅकमध्ये, सॅक नवऱ्याच्या पाठीवर, नवरा कॉफीच्या लाइनमध्ये आणि फोन सायलेंटवर. मागे रांग खोळंबलेली, मी बॅगा तिथेच टाकून टर्मिनलभर "अहो, अहो" करत पळतेय. सापडले तेव्हा म्हणतात, "साखर एक की दोन?"

तेव्हापासून दोन्ही पासपोर्ट माझ्या पर्समध्ये. त्यांनी फक्त कॉफी आणायची, तीही चेक-इन झाल्यावर.