सोळाव्या वर्षी एकट्याने विमान?

“सोळा वर्षांच्या पोराला विमानात एकटं कसं काय सोडता?” सोलो, म्हणजे एकट्याने करायचं पहिलं उड्डाण, जवळ आला की घरची माणसं हमखास विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: सोडता येतं, पण वय बघून नाही. पुष्कळ देशांत इंजिनाच्या विमानाच्या सोलोला किमान १६ वर्षं लागतात, ग्लायडरला काही ठिकाणी १४. ती झाली कायद्याची अट.

हात तर तरुण मुलांचा लवकर बसतो. अडचण अशी की, उतरायला निघाल्यावर उतरायचंच, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

सेस्ना १७२ हे शिकवायचं छोटं विमान घ्या. इन्स्ट्रक्टर खाली उतरला की ७०-८० किलो वजन जातं. विमान झपाट्याने चढतं, सर्किटची (धावपट्टीभोवतीच्या सरावाच्या फेरीची) हजार फुटांची उंची नेहमीच्या जागेच्या आधीच येते. फायनललाही, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत उतरत येताना, नेहमीच्या पॉवरवर ते वरच राहतं. मग मूल नाक खाली दाबतं आणि ६५ नॉटचा वेग ७५ वर जातो. फ्लेअर केल्यावर, म्हणजे टेकण्याआधी नाक हलकेच उचलल्यावर, हा जादा वेग जिरेपर्यंत विमान टेकत नाही, धावपट्टीवर तरंगत राहतं. इथे धीर सुटून योक (नाक वर-खाली करायचं हँडल) पुढे ढकलला की पुढचं चाक आधी आपटतं आणि विमान उसळतं. पुन्हा ढकलला की उसळी आणखी मोठी. दोन-तीन उसळ्यांत नोज गिअर (पुढच्या चाकाचा सांगाडा) मोडतो, नाहीतर प्रोपेलर जमिनीला घासतो.

उपाय साधा आहे, गो-अराउंड: उतरणं सोडून पुन्हा वर चढायचं. थ्रॉटल (इंजिनाची पॉवर) पूर्ण आत, नाक सरळ ठेवायला उजवा रडर, फ्लॅप्स (पंखांमागच्या झडपा) ३० अंशांवरून २० वर. बाकीचे फ्लॅप्स चढ लागल्यावर, वेग बघत, टप्प्याटप्प्याने. एकदम काढले तर विमान खाली बसतं. आणखी एक गोष्ट मुलांना चकवते. ट्रिम (नाकाचा कल धरून ठेवणारी जुळणी) लँडिंगसाठी लावलेला असतो, त्यामुळे पूर्ण पॉवर देताच नाक जोरात वर उचललं जातं. तेव्हा योक पुढे दाबूनच धरावा लागतो, नाहीतर वेग पडून जमिनीलगत स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचल जाते.

म्हणून मऊ लँडिंग पाहून आम्ही कुणाला सोडत नाही. इन्स्ट्रक्टर हात मांडीवर ठेवून गप्प बसलाय, फायनलला वेग पाच-सात नॉट जास्त आहे, आणि कुणी न सांगता मुलाने थ्रॉटल पुढे करून गो-अराउंड केला, असं दिसायला हवं. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वाऱ्यात. कुणी सोळाव्या वर्षी हे करतं, कुणाला तिशीतही जमत नाही.

घरच्यांना कळकळीची विनंती आहे. सोलोची तारीख रोज विचारू नका, आणि त्या दिवशी कॅमेरा घेऊन कुंपणाशी उभे राहू नका. बाहेर सगळे ताटकळलेत हे ठाऊक असलं की वारा वाढल्यावर “आज नको” म्हणणं मुलाला फार जड जातं.