आमची वाटचाल : नायगाराच्या अलीकडे आणि पलीकडे

आमचा कारखाना एकच वस्तू बनवतो, क्लॅम्प. रस्त्याखालचा पाण्याचा नळ तडकला की खड्डा खणतात, नळ खरवडून पुसतात आणि आतून रबर लावलेली स्टेनलेस स्टीलची पट्टी त्याला गुंडाळून बोल्ट आवळतात. पाणी बंद न करता गळती थांबते. सरावलेल्या माणसाला वीस मिनिटांचं काम. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण या साध्या पट्टीवरून घडलं.

वडील किर्लोस्करवाडीला फाउंड्रीत होते. मी १९९१ मध्ये कॅनडात आलो, सात वर्षं दुसऱ्याची टूलरूम सांभाळली आणि १९९८ मध्ये ओंटारिओतल्या हॅमिल्टनला एक शेड भाड्याने घेतली. पत्रा वाकवायचा एक जुना प्रेस ब्रेक, एक टिग वेल्डिंगचा संच आणि संध्याकाळी नोकरीवरून आल्यावर बिलं लिहायला ही. हॅमिल्टन म्हणजे स्टीलचं गाव. तापल्या लोखंडाचा वास आला की मला वाडीची आठवण यायची. ही म्हणायची, लोकांना मोगऱ्याच्या वासाने माहेर आठवतं, यांचं काहीतरी भलतंच.

गिऱ्हाईक मात्र नायगारा नदीपलीकडे, अमेरिकेत होतं. बफेलो, रॉचेस्टर, ईरी, क्लीव्हलँड, सगळी जुनी गावं आणि जमिनीखाली जुने बिडाचे नळ. जानेवारीत पारा उतरला की नळ तडकतात आणि आमचा फोन वाजायला लागतो. सकाळी सातला निघालेली आमची गाडी नाश्त्याच्या वेळेला पीस ब्रिज ओलांडून बफेलोत असायची. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या मुक्त व्यापाराच्या करारामुळे, म्हणजे नाफ्टामुळे, जकात शून्य. आमच्या लेखी सीमा म्हणजे एक टोलनाका होता, फक्त तिथला माणूस पासपोर्ट बघायचा. २००८ मध्ये आम्ही एकतीस जण होतो आणि दहातले सात क्लॅम्प अमेरिकेत जात होते.

२००९ च्या मार्चमध्ये ओहायोतल्या आमच्या सर्वांत मोठ्या व्यापाऱ्याचा फोन आला. आठ वर्षांचा संबंध. माल तुझा चांगलाच आहे, म्हणाला, पण आता कागद लागतो, तो तुझ्याकडे नाही.

मंदीतून सावरायला अमेरिकेने १७ फेब्रुवारीला ७८७ अब्ज डॉलरचा कायदा केला होता. त्याचं कलम १६०५ असं, की या पैशातून होणाऱ्या सार्वजनिक कामात लोखंड, स्टील आणि कारखान्यात बनलेला माल अमेरिकेतच तयार झालेला हवा. सवलत मिळायची, पण देशी मालामुळे सगळ्या कामाचा खर्च २५ टक्क्यांहून जास्त वाढत असेल तर. लाखो डॉलरच्या कामात माझ्या दोनशे डॉलरच्या क्लॅम्पने कसला खर्च वाढतोय!

मी भाबडेपणाने म्हटलं, नाफ्टा आहे ना. वकिलाने तासाभराची फी घेऊन जे समजावलं ते असं : करार केंद्र सरकारांमधला. वॉशिंग्टनच्या खात्याने स्वतः खरेदी केली तर कॅनडाचा माल चालतो. पण नळ कोण बदलतं? नगरपालिका. पैसा वॉशिंग्टनचा, टेंडर गावाचं, आणि गावाच्या टेंडरला करार लागू नाही. का नाही, तर जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदीच्या करारात आमच्याच प्रांतांनी तोवर आपली दारं उघडली नव्हती. म्हणून अमेरिकेनेही आपल्या राज्यांची दारं आम्हाला बंद ठेवली. ओंटारिओत तर आदल्याच वर्षी सरकारी पैशाच्या बसगाड्यांना २५ टक्के कॅनेडियन हिस्सा सक्तीचा झाला होता. बातमी वाचून तेव्हा मी खूश झालो होतो. बस आपल्याला बनवायची नव्हती, त्यामुळे खूश व्हायला काही खर्च नव्हता.

खरी गंमत पुढे आहे. आमची स्टेनलेसची कॉइल, म्हणजे पत्र्याची गुंडाळी, येते अमेरिकेतल्या केंटकीहून. म्हणजे स्टील अमेरिकेत वितळलं, अमेरिकेत लाटलं गेलं. आम्ही हॅमिल्टनला ते कापायचो, वाकवायचो, बोल्ट अडकवायचे कान वेल्ड करायचो, ॲसिडमध्ये बुडवून काळं पडलेलं साफ करायचो आणि परत त्यांच्याकडेच पाठवायचो. तरी तो माल परका. केंटकीची मुलगी हॅमिल्टनला आठवडाभर पाहुणी राहिली आणि माहेरचं दार बंद!

त्या उन्हाळ्यात बातमी आली की कॅलिफोर्नियातल्या कॅम्प पेंडल्टनच्या लष्करी तळावर जमिनीत बसवलेले पाइपचे जोड कॅनडात बनलेले निघाले म्हणून उकरून काढले. ते जोड आमचे नव्हते, पण दोन रात्री झोप नव्हती. जूनमध्ये कॅनडातल्या नगरपालिकांच्या महासंघाने व्हिसलरला ठराव घेतला : जे देश आमच्या मालाला बंदी घालतात त्यांचा माल आपणही घ्यायचा नाही. १८९ विरुद्ध १७५ मतं. शेडमध्ये टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण माझा ओहायोचा व्यापारी ओंटारिओतही माल विकायचा आणि त्याच्या ट्रकमध्ये आमचा माल असायचा. त्याची वाट अडली की माझी अडलीच.

अखेर फेब्रुवारी २०१० मध्ये दोन्ही सरकारांचा समझोता झाला. कॅनडाला काही योजनांमध्ये कलम १६०५ मधून सूट, सरकारी खरेदीत अमेरिकेतली ३७ राज्यं खुली. पण त्या राज्यांमधल्या नगरपालिका नाहीत, आणि त्या वर्षभरातला बराचसा पैसा तोवर वाटून झालेला. वरातीमागून घोडं. आम्ही तोपर्यंत एकोणीस जणांवर आलो होतो. ज्या बारा जणांना घरी पाठवलं त्यातल्या एकाने जाताना आपला वेल्डिंगचा हेल्मेट खुंटीला टांगून ठेवला, परत बोलावशील तेव्हा लागेल म्हणून. तो अजून तिथेच आहे.

पुढची तीन-चार वर्षं बरी गेली. त्या कायद्याचे पैसे संपले, तसे अटीवाले फॉर्मही आटले. मग १७ जानेवारी २०१४. यावेळी मंदी-बिंदी काही नाही, साधा खर्चाचा कायदा, आणि त्यात गावांना पाणी नि सांडपाण्याच्या कामांसाठी स्वस्त कर्ज देणाऱ्या निधीवर अट : लोखंड-स्टीलचा माल अमेरिकेचाच, वितळवण्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत. खाली वस्तूंची यादी. पाइप, मॅनहोलची झाकणं, हायड्रंट, व्हॉल्व्ह, आणि त्यात चक्क ‘पाइप क्लॅम्प’. एवढ्या मोठ्या देशाच्या कायद्यात आपल्या मालाचं नाव यावं, आणि ते अशासाठी!

एक फट होती. कामाला लागणाऱ्या मालाच्या किमतीत ५ टक्क्यांपर्यंत किरकोळ परका माल चालायचा, त्यातही एका वस्तूचा वाटा १ टक्क्याच्या वर नाही. या फटीतून कधी चार, कधी सहा क्लॅम्प जायचे. पण तेवढ्यासाठी ठेकेदाराला वेगळा हिशोब ठेवावा लागतो. तो कशाला ठेवेल? बाजूच्या दुकानातून अमेरिकन क्लॅम्प घेऊन मोकळा होतो.

२०१५ मध्ये आम्ही न्यूयॉर्क राज्यातल्या नायगारा फॉल्सला दुसरी शेड घेतली. कमीपणा वाटला, पण कॅनडातल्या विनिपेगची बस बनवणारी न्यू फ्लायर कंपनी तरी काय करत होती? बसचा सांगाडा विनिपेगला बनवून पुढची जुळणी मिनेसोटात. त्यांनी जे शेकडो माणसांनिशी केलं ते आम्ही सहा माणसांनी केलं. दुसरा प्रेस ब्रेक, दुसरी ॲसिडची टाकी, दुसरा विमा, दुसरा हिशोबनीस. तीच कॉइल, तीच ड्रॉइंग, तेच बोल्ट, फक्त पुलाच्या पलीकडे. आमच्या हिशोबाने पलीकडचा क्लॅम्प साधारण सहाव्या हिश्शाने महाग पडतो, कारण दोन्ही शेडमधली मशीनं अर्धा दिवस रिकामी असतात. तो फरक शेवटी त्यांच्याच गावांच्या पाणीपट्टीत जातो. केंटकीत एकही माणूस वाढला नाही, हॅमिल्टनला सहा कमी झाले, पलीकडे सहा लागले.

कागदांचं तर विचारू नका. वितळवणाऱ्याचं पत्र, लाटणाऱ्याचं पत्र, आमचं पत्र, प्रत्येकावर गावाचं नाव आणि सही. २०१८ मध्ये पॅकिंगच्या टेबलावर लेबलांचे रोल बदलले गेले आणि हॅमिल्टनच्या चाळीस खोक्यांवर नायगारा फॉल्सचं लेबल लागलं. पोराची चूक, मुद्दाम काही नाही. पण तो माल गेला असता तर सरकारी पैशाच्या कामात खोटा दाखला दिला असा अर्थ झाला असता. ट्रक निघायच्या आधी लक्षात आलं. रात्री साडेअकरापर्यंत मी आणि ही ब्लेडने लेबलं खरवडत बसलो होतो.

२०२० मध्ये नाफ्टा जाऊन नवा करार आला. त्यातलं सरकारी खरेदीचं प्रकरण फक्त अमेरिका आणि मेक्सिकोमधलं, कॅनडा त्यात नाहीच. २०२१ च्या पायाभूत सुविधांच्या कायद्याने अटी आणखी पसरल्या. आम्हाला फरक पडला नाही, पडायचा तो पडून गेला होता.

मला राग आहे का? आमच्या घरी स्वदेशी हा शब्द देवघरातला होता. आजोबा विलायती साखर शिवायचे नाहीत, आणि वाडीचा पंप दिसला की वडील तो आपलाच असल्यासारखे त्याच्यावरून हात फिरवायचे. दुसऱ्याच्या स्वदेशीला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. फक्त शंभर किलोमीटरवरच्या शेजाऱ्यालाही विलायती धरायचं, हे अजून पचत नाही.

२०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी स्टीलवर आधी २५ आणि जूनमध्ये ५० टक्के कर लावला. इकडे ओंटारिओने अमेरिकन कंपन्यांना सरकारी खरेदीतून बाहेर काढलं, सप्टेंबरमध्ये ओटावाने, म्हणजे कॅनडाच्या केंद्र सरकारने, ‘बाय कॅनेडियन’ धोरण जाहीर केलं. लोक अभिनंदन करतात, आता तुमचे दिवस आले म्हणतात. परवा इथल्याच एका गावाचा फॉर्म आला. कारखाना कुठे, कामगार किती, सगळं भरलं. खाली शेवटचा रकाना : मालातलं स्टील कुठे वितळलं?

केंटकी लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिथल्या बाईंचा फोन आला. आवाज अगदी ओशाळलेला होता. म्हणाल्या, याचा अर्थ काय धरायचा ते वर विचारून सांगते.