तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशानं काय होतं?

जेवायला बसलं की हा प्रश्न येतोच. कधी काळजीपोटी, कधी आग्रहाच्या भरात, कधी जरा दुखावलेल्या सुरात. "अहो, सॉस चमचाभरच घातलाय." "वरून नुसतं भुरभुरलंय, बाजूला करा ना." "तेल तेच आहे, पण तुमचं सगळ्यांत शेवटी वेगळं तळलंय." आणि मग, "एवढ्याशानं काय होतं?" आठ वर्षं मी "नको, राहू दे" एवढंच म्हणत आलेय. त्यामुळे मी नखरेल तरी आहे, नाहीतर भित्री तरी, असा तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा समज झालाय. त्यात तुमची चूक नाही, मी कधी सांगितलंच नाही. आज सांगते: मला सिलिअॅक आहे, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं ग्लुटेन हे प्रथिन पोटात गेलं की माझ्या आतड्याचं अस्तर खराब होतं.

आधी हिशेब. 2007 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सिलिअॅक असलेल्या आणि पथ्य नीट पाळणाऱ्या प्रौढांना रोज एक कॅप्सूल दिली गेली. काहींच्या कॅप्सुलीत 50 मिलिग्रॅम ग्लुटेन होतं, काहींच्या 10, काहींच्या अजिबात नाही. तीन महिन्यांनी 50 मिलिग्रॅमवाल्यांच्या आतड्याचं अस्तर खराब झालेलं दिसलं. आता गव्हाच्या पिठात ढोबळमानानं दहावा हिस्सा ग्लुटेन धरा. म्हणजे 50 मिलिग्रॅम ग्लुटेनला अर्धा ग्रॅम पीठ पुरतं. अर्धा ग्रॅम म्हणजे बोटांची एक चिमूट. ओट्यावरून फडकं फिरवताना फडक्याला लागून येतं तेवढं.

रोज गेलं तर हं. एकदाच गेलं तर काय, याचं सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर माझ्याजवळ नाही. कुणी दोन दिवस अंथरुणातून उठत नाही, कुणाला काही जाणवतसुद्धा नाही. मी दुसऱ्या प्रकारातली. जेवणानंतर तासाभरानं "बघा, काही झालं का?" असं तुम्ही विचारता तेव्हा मला काही झालेलं नसतं, आणि तेच अवघड आहे. आतड्याचं नुकसान आणि पोटाची तक्रार या दोन गोष्टी हातात हात घालून चालत नाहीत. माझं निदान झालं तेच मुळी हिमोग्लोबिन वर येईना म्हणून. पोट तेव्हाही ठीकच होतं.

"चांगलं खळखळून उकळलंय की", "कडकडीत भाजलंय की", हेही नेहमी ऐकते. ग्लुटेन हा जंतू नाही, तो उष्णतेनं मरत नाही. ते प्रथिन आहे. हाताला सॅनिटायझर लावूनही जात नाही. साबण-पाण्यानं घासून धुतलं की जातं. "गहू नाही यात" हे पुरेसं नसतं, कारण सातू (जव) आणि राय (गव्हासारखं एक धान्य, मोहरी नव्हे) यांतही ते असतं. सातूपासून काढलेला माल्ट तर जिथे मनातही येणार नाही तिथे चवीसाठी घातलेला असतो. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. ओट्स मुळात वेगळं धान्य, पण शेतापासून गिरणीपर्यंत गहू-सातूच्या संगतीत वाढतं. औषधाच्या गोळीतला स्टार्च कशाचा, हेसुद्धा विचारावं लागतं. बहुतेकदा तो मक्याचा निघतो, पण विचारल्याशिवाय कळत नाही. हे सगळं आता अंगवळणी पडलंय. खरं सांगायचं ते याच्या पुढचं आहे, आणि ते घरातलं आहे.

निदानानंतर दीड वर्ष मी काटेकोर पथ्य केलं. बाहेर पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. रक्तातल्या अँटिबॉडीचा (ग्लुटेन पोटात जात राहिलं की चढा राहतो तो) आकडा 120 च्या वर होता, तो 64 पर्यंत उतरला. आमच्या लॅबमध्ये 10 च्या खाली आला तर ठीक मानतात. पुढच्या तपासणीत तो आणखी उतरायच्या ऐवजी 71 झाला. डॉक्टरांनी कागद टेबलावर उलटा ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "कधीतरी मोह होतो का? सांगा, मी रागावणार नाही." मी नाही म्हटलं. त्यांनी परत विचारलं. मी परत नाही म्हटलं, आणि मला रडू आलं. मग ते म्हणाले, "बाहेरचं खात नसाल, तर घरातूनच जातंय."

हे वाक्य मी घरी घेऊन आले. दुसरं काही आणायला नको होतं.

आमचं एकत्र कुटुंब. घरातली बाकीची माणसं गहू खातात, खायलाच हवा. माझा डबा, माझी भांडी सगळ्यांत वरच्या फळीवर, म्हणजे वरून पीठ सांडायला नको. माझ्या प्रत्येक भांड्याच्या दांड्याला लाल चिकटपट्टी. दुपारचं स्वयंपाकघर सासूबाईंचं. मी कामावर असताना माझं संध्याकाळचं त्याच करून ठेवायच्या. स्वतःहून, मी कधी सांगितलं नव्हतं. आधी माझं करायचं, मग बाकीच्यांचं, हा क्रमही त्यांनीच ठरवलेला.

त्या दिवसापासून मी बघायला लागले. येता-जाता, पाणी प्यायच्या निमित्तानं. त्यांच्या पदराकडे, नखांकडे, डब्याचं झाकण त्या कुठे पालथं ठेवतात त्याकडे. पाचव्या का सहाव्या दिवशी मी लवकर घरी आले. त्या ओट्याशी उभ्या राहून माझं पीठ चाळत होत्या. लाल पट्टीची चाळणी खुंटीवर तशीच होती. हातात दुसरी होती, घरातली.

मी ती त्यांच्या हातातून घेतली. "घेतली" म्हणतेय, खरं तर ओढली. दिव्याखाली धरली. जाळी स्वच्छ दिसत होती. पण जाळी जिथे कडेला दुमडून पत्र्यात बसवलेली असते, त्या खाचेत सगळीकडून बारीक पांढरट रेघ होती. मी टाचणीनं उकरलं तर त्यातून पापुद्रा निघाला, वाळलेला, जरा पिवळसर. नवरा आणि धाकटे दीर तिथेच बसले होते. मी म्हटलं, "आई, तुम्ही मला आजारी पाडताय."

त्या म्हणाल्या, "धुऊन घेतली होती गं. तुझी ओली होती अजून."

एवढंच. त्या खोलीत गेल्या. त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही. मी रागानं ती चाळणी कोमट पाण्यात बुडवून ठेवली, जणू मला पुरावाच हवा होता. सकाळी खाचेतून चिकट तार सुटून आली होती, बोटांत धरून ताणली तर ताणली जात होती. तांदळाच्या पिठाची अशी तार येत नाही. ती मी नवऱ्याला दाखवली. त्यानं बघितली आणि म्हणाला, "बरोबर आहे तुझं. पण तू जे बोललीस ते बरोबर नव्हतं." मला त्याचा राग आला. आजही थोडा येतो, कारण आतडं माझं होतं.

दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी माझ्या डब्याला हात लावला नाही. भांडण नाही, टोमणा नाही. मी ओट्याशी आले की त्या बाहेर जायच्या. कामावरून येऊन मी माझं करायचे, त्या बाहेर टीव्ही लावून बसायच्या, आवाज बंद करून. असे चार महिने गेले.

मग एका आहारतज्ज्ञ बाईंनी मला रोजचं सगळं खाणं एका वहीत लिहायला लावलं. वही चाळून त्यांनी एकाच ओळीवर बोट ठेवलं: तांदळाचं पीठ, विकतचं, दोन वेळा. मी म्हटलं, "त्यात फक्त तांदूळ आहे, पाकिटावर एकच घटक लिहिलाय." त्या म्हणाल्या, "तांदळात नसतं हो. पण त्याआधी त्या चक्कीत काय दळलं होतं?" 2010 मध्ये अशाच 22 वस्तू तपासल्या गेल्या होत्या: मुळात ग्लुटेन नसलेली धान्यं, बिया, पिठं, पण ज्यांच्यावर 'ग्लुटेन-फ्री' असा दावा नव्हता. त्यातल्या 7 वस्तूंमध्ये किलोला 20 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ग्लुटेन निघालं. हा 20 चा आकडा कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांतला. त्या मर्यादेवरचं अन्न दिवसाला अर्धा किलो खाल्लं, तरी पोटात 10 मिलिग्रॅमच जातं. पण पिठात किलोला 200 असेल आणि तुम्ही दिवसाला पाव किलो खात असाल, तर? मी वहीच्या कोपऱ्यात गुणाकार केला. 50.

दीड वर्ष मी पाकिटाच्या मागची बाजू वाचत होते आणि "एकच घटक" बघून निर्धास्त होत होते.

पीठ बदललं. सहा महिन्यांनी आकडा 18 झाला, त्यानंतर 9. तुम्हाला वाटेल, सुटला प्रश्न. नाही सुटला. त्याच महिन्यात चाळणी घरातून गेली होती आणि कॅल्शियमची गोळीही बदलली होती. एका वेळी तीन गोष्टी बदलल्यावर कशानं फरक पडला, हे कुणी सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणतात, पीठच. मलाही तसंच वाटतं, कारण ते रोज आणि भरपूर जात होतं. चाळणीतून गेलं असलं तरी थोडंच गेलं असणार. पण ती तार मी माझ्या बोटांत धरलेली आहे. तिनं काहीच केलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

त्या वेळच्या मला मी आज सांगू बघते: तू आधी पाकीट बघायला हवं होतंस, माणसं नंतर. ती उलट म्हणते, पाकीट बोलत नव्हतं आणि चाळणी डोळ्यांसमोर होती. मी म्हणते, चारचौघांत बोलायची गरज नव्हती. यावर ती गप्प बसते. मग म्हणते, हळू बोलले असते तर कुणी ऐकलं असतं का? दीड वर्ष हळूच बोलत होते ना. इथे मला उत्तर सुचत नाही. कारण "एवढ्याशानं काय होतं" हा प्रश्न मला घरातही विचारला जात होता, आणि त्या संध्याकाळनंतर एकदाही विचारला गेला नाही.

आणखी एक कबुली. 2020 मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. साध्या पावानंतर त्याच टोस्टरमध्ये ग्लुटेनरहित पाव भाजला, तर त्यातलं ग्लुटेन 20 च्या मर्यादेखालीच राहिलं. उलट साध्या पास्त्याच्या पाण्यात ग्लुटेनरहित पास्ता उकळला, तर मर्यादा सहज ओलांडली गेली. टोस्टरवरून मी घरात दोन दिवस अबोला धरला होता, आणि दुसऱ्यांच्या घरी "तुमचं वेगळं उकळलंय" एवढं ऐकून, पाणी कुठलं हे न विचारता, निमूट खाल्लं होतं. म्हणजे भीती खरी होती, पण भलत्या वस्तूंना चिकटलेली होती. प्रयोग छोटा होता, त्यावर विसंबून मी टोस्टर परत सामाईक करणार नाही. मग अबोला कशासाठी धरला होता, हे मात्र मला आता नीटसं सांगता येत नाही.

तळणीच्या तेलाबद्दल मी ऐकणार नाही. हॉटेलांच्या सामाईक तेलात तळलेल्या बटाट्याच्या कापांचे 20 नमुने 2021 च्या एका अभ्यासात तपासले होते. 9 मध्ये ग्लुटेन सापडलं. तुम्ही माझं शेवटी तळता, म्हणजे सगळ्यांचं झाल्यावर. तळायचंच असेल तर पहिलं तळा, नव्या तेलात. नाहीतर मला नुसता भात वाढा, मी खरंच आनंदानं खाईन. तुम्ही प्रेमानं केलंत हे मला दिसतं. सासूबाईंनीही प्रेमानंच केलं होतं.

मी त्यांची माफी मागितली, पिठाचं कळलं त्याच संध्याकाळी. त्या म्हणाल्या, "तुझं काय चुकलं? चाळणी माझीच होती ना." यावर काय म्हणायचं असतं मला माहीत नव्हतं, अजूनही नाही. हळूहळू त्या परत माझं करायला लागल्या. आता चाळण्या दोन आहेत, माझी वेगळ्या खोलीत असते. आम्ही बोलतो, हसतो, सगळं पूर्वीसारखं आहे असं बाहेरून बघणाऱ्याला वाटेल. पण परवा त्या माझ्यासाठी तांदूळ धूत होत्या आणि मी पाणी प्यायला आत गेले. मला बघून त्यांनी तांदूळ बाजूला ठेवले, नळ सोडला आणि साबण लावून हात धुतले. हात आधीच ओले होते.