गुंतवळ

मंगळवार, रात्री साडेदहा

आज लोकलमध्ये एका मुलीला टोकलं. दिवसभर ते डोक्यातून जात नाहीये.

बदलापूर ते सीएसएमटी म्हणजे ६८ किलोमीटर, जलद गाडीलाही सव्वा तासाहून जास्त. डबे, पोरांची शाळा, सासूबाईंच्या गोळ्या, सगळं उरकून निघालेल्या बाईला आरशापुढे उभं राहायला वेळ कुठला? म्हणून अंबरनाथ सुटलं की लेडीज डब्यात पर्सेस उघडतात. कुणी काजळ घालते, कुणी ओले केस सोडवून क्लचर लावते. "टिकली जरा उजवीकडे घे," असं सांगणारीला समोरचीचं नावही ठाऊक नसतं. ऑफिसातल्या एक ताई १९९२ साली सुरू झालेल्या चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशलने जायच्या. तेव्हाही हे असंच चालायचं म्हणतात. यात मला काही म्हणजे काही वावगं वाटत नाही. नाकं मुरडणाऱ्यांनी त्या बाईची पहाट एकदा बघावी.

पण आज मुंब्र्याच्या पुढे खिडकीतल्या मुलीने नेलकटर काढलं. टक, टक. एक नख उडालं ते थेट माझ्या शेजारच्या मावशींच्या पोह्यांच्या डब्यात. पांढरी कोर, कडेला लाल नेलपॉलिशची रेघ. मावशींनी मुकाट्याने झाकण लावलं. तोंडातला घास तसाच.

"अगं, हे घरी करायचं ना! बघ, त्यांच्या डब्यात पडलं." माझा आवाज चढलाच. सगळा डबा बघायला लागला. मुलगी लाल झाली, "सॉरी मावशी" म्हणाली आणि दादरपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

आई वेणी घातली की गुंतवळ बोटाला गुंडाळून उचलायची. फरशीवर एक केस दिसला तरी आम्हाला परत पाठवायची. तिन्हीसांजेला नखं कापू द्यायची नाही. मला तेव्हा तो सगळा अपशकुनाचा प्रकार वाटायचा. आता वाटतं, अंगावरून सुटलेलं ज्याचं त्याने आवरावं, एवढंच तिला हवं होतं. काजळ ज्याच्या त्याच्या डोळ्यात राहतं. नख राहत नाही, केस राहत नाही, डिओचा फवारा तर नाहीच. आमच्या ग्रुपमधल्या एकीला दमा आहे. गर्दीत कुणी डिओ मारला की ती पदर नाकाला लावून दाराकडे सरकते, ते बघवत नाही.

बोलले ते बरोबरच होतं. पण चारचौघींत नको होतं, वाकून हळू सांगता आलं असतं. उद्या ती दिसली तर तिच्याजवळच बसेन.

मावशींनी भायखळ्याला उतरेपर्यंत डबा पुन्हा उघडला नाही.