मारिओची वही: डिसेंबर ते मार्च

परभणी, १४ मार्च

मंडळी, इथं मागचं लिहिल्यानंतर तीन महिने गेले. वही मात्र चालू आहे. २०० पानांची पहिली वही जानेवारीत भरली, दुसरी सुरू केली. आजच्या तारखेला एकूण २१२ नोंदी. नियम तोच: मारिओ, म्हणजे जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या टीव्ही गेममधला तो लाल टोपीचा मिशीवाला, जिथं दिसेल तिथं तो लिहायचा, मग तो गेममध्ये असो, सिनेमात असो, की एखाद्या लेकराच्या दप्तरावर. साल, ठिकाण, तिथं तो काय करतोय, आणि वस्तू असेल तर किंमत.

या वेळी एक रकाना वाढवला: 'डांगरी कोणत्या रंगाची', डांगरी म्हणजे त्याची खांद्यावर पट्टे असलेली पँट. हा रकाना खरं म्हणजे सुरुवातीपासूनच हवा होता. का, ते उरुसाच्या नोंदीत सांगतो. आधी कॅसेटचं काम.

डिसेंबर

नांदेडच्या एका जुन्या दुरुस्तीच्या दुकानात पोत्यात भरून ठेवलेल्या टीव्ही गेमच्या कॅसेट मिळाल्या, एकूण १९. पिवळ्या, काळ्या, एक निळी. सगळ्या ६० पिनांच्या, म्हणजे आपल्याकडं घरोघरी होत्या त्याच जातीच्या. १९ पैकी ११ लागल्या. उरलेल्यांपैकी ५ साफसफाईनंतर लागल्या, ३ गेल्या त्या गेल्याच.

साफ कशी केली ते लिहितो, कारण दोघातिघांनी विचारलं होतं. मागचे स्क्रू काढून आतली सर्किटची पाटी बाहेर घ्यायची. साध्या पांढऱ्या खोडरबरानं पिनांवर एकाच दिशेनं हलक्या हातानं घासायचं, खोडरबराचा चुरा ब्रशनं झाडायचा, मग कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचं. पहिला बोळा काळाकुट्ट निघतो, तिसरा-चौथा पांढरा निघाला की थांबायचं. आणि कृपा करून फुंकर मारू नका. लहानपणी आपण सगळ्यांनी मारली. पण तोंडातल्या ओलाव्यानं पिनांवर हिरवट थर धरतो. माझ्या त्या गेलेल्या तीन कॅसेटच्या पिना बघितल्या तर खात्री पटेल. फुंकर मारल्यावर गेम लागायचा तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्यामुळं, पिना नव्यानं टेकल्यामुळं.

पाटीवर चिप दिसत नाही, नुसता डांबरासारखा काळा गोल थेंब असतो. त्याच्याखाली सगळं. १९८५ चा मूळ सुपर मारिओ ब्रदर्स अवघ्या ४० केबीत बसवलेला आहे, ३२ प्रोग्रामला आणि ८ चित्रांना. ३२ स्टेज, पाणी, किल्ले, कोजी कोंडो यांचं संगीत, सगळं त्यात. म्हणूनच त्यातला ढग आणि खालचं झुडूप हे एकच चित्र आहे, एकाला पांढरा रंग, दुसऱ्याला हिरवा. पडद्यासमोर बसून एकदा नीट बघा, मग ते कायम दिसायला लागतं.

या पोत्यातून वहीला मोठा फायदा झाला तो लपलेल्या मारिओंचा. एका मोठ्या मेनूच्या, म्हणजे अनेक गेम असलेल्या कॅसेटमध्ये एकाच बैठकीत पाच नोंदी मिळाल्या. डाँकी काँग, जिथं तो मुळात सुतार होता. डाँकी काँग ज्युनियर, जिथं तो चक्क खलनायक आहे, माकडाला पिंजऱ्यात कोंडणारा. मारिओ ब्रदर्स (१९८३), तिथून तो प्लंबर झाला आणि त्याचा भाऊ लुईजी आला. यात कासवावर उडी मारली तर आपणच मरतो, कासव खालून ठोकून उलटं पाडावं लागतं. टेनिस, ज्यात उंच खुर्चीवरचा पंच मारिओ आहे. आणि पिनबॉल, ज्याच्या बोनस भागात तो फळी घेऊन पडणाऱ्या पॉलिनला झेलतो. टेनिस मी लहानपणी शेकडो वेळा खेळलो असेन, त्या खुर्चीकडं लक्ष आत्ता गेलं.

जानेवारी

आता नकली मारिओंबद्दल. आपल्यातल्या काही जणांचं मत आहे की हे वहीत घेऊ नयेत. मी घेतो, वेगळ्या शाईनं घेतो.

पोत्यातल्या एका कॅसेटवर 'सुपर मारिओ १४' लिहिलेलं होतं. असा गेम निन्टेंडोनं कधी काढला नाही. मुळात तो इरेम कंपनीचा कैकेत्सु यांचामारू ३ हा गेम आहे, काठी फिरवणाऱ्या पोराचा. चोरून कॅसेट करणाऱ्यांनी त्या पोराचं डोकं बदलून मारिओचं बसवलं. 'सुपर मारिओ ४' नावानं फिरणारी कॅसेट अशीच, तिच्या पोटात आर्माडिलो नावाचा गेम आहे.

मला यात चोरीपेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. अख्खा गेम मारिओचा करायला त्यांना काय लागलं? टोपी आणि मिशी. बाकी राज्य, शत्रू, चाल, सगळं दुसऱ्याचं. तरी आपल्याकडच्या कुणा लेकरानं ते लावल्यावर 'हा मारिओ नाही' म्हटलं नाही.

याचं मूळ १९८१ मध्ये आहे. मारिओ घडवणारे शिगेरू मियामोतो यांना डाँकी काँगसाठी माणूस काढायचा होता तो अगदी थोड्या ठिपक्यांत, साधारण १६ बाय १६ च्या चौकटीत. एवढ्यात तोंड काढता येत नाही, म्हणून नाक मोठं आणि त्याखाली मिशी. केस उडताना दाखवता येत नाहीत, म्हणून टोपी. हात अंगापासून वेगळे दिसले तरच पळताना हलल्यासारखे वाटतात, म्हणून शर्टावर वेगळ्या रंगाची डांगरी. नावही तेव्हा नव्हतं, नुसता जंपमॅन. मारिओ हे नाव निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या मालकावरून, मारिओ सेगाली यांच्यावरून पडलं. जागा नव्हती म्हणून केलेल्या तीन सोयी, आणि माझ्या २१२ नोंदींपैकी एकही नोंद या तिन्हींपैकी काहीच नसताना ओळखू आलेली नाही.

लुईजीचं मी वेगळं पान करत नाही, कितीही सांगितलं तरी.

फेब्रुवारी: उरूस

परभणीत तुराबुल हक साहेबांच्या उरुसात मी दरवर्षी जातो, पण या वर्षी खास मारिओ हुडकायला गेलो. पहिल्या दिवशी काही विशेष नाही: प्लास्टिकचा एक मुखवटा (डांगरी नाही, म्हणून रकाना कोरा), एक फुगा, लेकरांच्या टी-शर्टावर दोन. सगळे आजच्या रंगातले, म्हणजे लाल शर्ट, निळी डांगरी.

दुसऱ्या दिवशी पाळण्यांच्या मागच्या बाजूला मातीच्या आणि प्लास्टरच्या गल्ल्यांचं एक दुकान लागलं होतं. पोपट, मोर, सफरचंद, गणपती, आणि मागच्या ओळीत वीतभर उंचीचे चार मारिओ. मी एक उचलला. टोपीवर पैसे टाकायची चीर. मिशी एका फटकाऱ्यात ओढलेली, उजवं टोक जरा जास्त वर गेलेलं. टोपी लाल, डांगरीही लाल. आणि शर्ट तपकिरी, त्याच मिशीच्या रंगाचा. बूटही त्याच रंगाचे.

मी तिथंच उभा राहिलो.

हे का महत्त्वाचं ते सांगतो. लाल शर्ट आणि निळी डांगरी हा वेष रूढ झाला १९८८ च्या सुमाराला, सुपर मारिओ ब्रदर्स ३ च्या चित्रांपासून. त्याआधी १९८५ च्या जपानी खोक्यावर उलटं आहे, निळा शर्ट आणि लाल डांगरी. पण तपकिरी शर्ट त्यात नाही. तो पडद्यावरचा आहे. त्या यंत्रात एका आकृतीला तीनच रंग देता यायचे. एक लाल, एक कातडीचा, आणि तिसरा तो मातकट तपकिरी, जो केस, मिशी, शर्ट आणि बूट या सगळ्यांना मिळून वापरला. म्हणजे हा गल्ला रंगवणाऱ्यानं कुठलं छापील चित्र समोर ठेवलं नव्हतं. त्यानं टीव्हीवरचा मारिओ रंगवला होता.

दुकानावर एक मावशी होत्या. म्हणाल्या, "काय बघायलास बाबा इतकं निरखून? फुटलेलं नाही ते."

"मावशी, हे कुणी रंगवलंय?"

"माझ्या लेकानं. घ्यायचा तर मोराचा घे, तो जास्त जातो. हा टोपीवाला तो दर साली चार-पाच बनवतो. नको म्हणलं तरी बनवतो."

लेक मागं गाडीतून माल उतरवत होता, माझ्याच वयाचा, चाळिशीच्या आसपासचा. मी विचारलं, शर्ट तपकिरी का केला? त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी आकाश निळं का, असं विचारलं. "मंग कोणता असतोय?" तो म्हणाला. लहानपणी गावात एकाच्या घरी ताशी दोन रुपयांनी गेम खेळायला मिळायचा. फोटो वगैरे त्यानं कधी पाहिले नाहीत. डोक्यात आहे तो रंग दिला. माळेगावच्या जत्रेतही हे गल्ले नेतो म्हणाला, तिथं यंदा दोन गेले.

मग खेळाचंच बोलणं निघालं. सातव्या किल्ल्यापर्यंत पोचायचा तो, पण तो किल्ला कधी सुटला नाही. तिथं रस्त्यांचा चकवा आहे, चुकीच्या वाटेनं गेलं की तेच ते पुन्हा येत राहतं. आणि बहुतेक वेळा त्याच सुमाराला लाईट जायची. हे आपल्याकडच्या प्रत्येकाला माहीत आहे: सगळे जीव संपल्यावर ए दाबून धरून स्टार्ट दाबलं तर त्याच जगापासून पुन्हा सुरू करता येतं, पण लाईट गेली की ती सोयही गेली, पुन्हा पहिल्यापासून. पलंगावर बसून लाईटची वाट बघणारी पाच-सहा पोरं, आणि गेमचा रिमोट कुणी सोडत नाही. त्यानं हे सांगितलं आणि मी त्याच्या गावी कधी गेलेलो नाही तरी ती खोली मला दिसली.

दोन गल्ले घेतले, ८० रुपयांना एक. नोंद क्र. १९८ आणि १९९. मिशी दोन्हींची वेगळी आहे.

सिनेमे आणि बाकीचं सामान, थोडक्यात

१९९३ चा सिनेमा, बॉब हॉस्किन्स मारिओ झालेला, पुन्हा पाहिला. नोंद तशीच ठेवली, वाढवण्यासारखं काही सापडलं नाही. २०२३ चा ॲनिमेशनपट मात्र थांबवत थांबवत पाहिला आणि त्यातून सात नवीन नोंदी निघाल्या. सगळ्यात आवडलेली: पिझ्झाच्या दुकानात कोपऱ्यात एक माणूस जंपमॅनचं यंत्र खेळत बसलेला आहे, आणि त्याला आवाज चार्ल्स मार्टिनेट यांचा आहे. मारिओच्या वडिलांचा आवाजही त्यांचाच. कितीतरी वर्षं गेममधला मारिओचा आवाज होते ते, अगदी २०२३ पर्यंत. तो प्रसंग आला की मी आवाज वाढवतो.

सामानात मारिओ कार्टच्या हॉट व्हील्स गाड्या तीन मिळाल्या, छत्रपती संभाजीनगरला. एक कंपास पेटी, लातूरच्या गंजगोलाईतून, तिच्यावर मारिओ आणि छोटा भीम शेजारी शेजारी छापलेले. ऑनलाइन मागवलेली एक मूर्ती फुटून आली, पैसे परत मिळाले, नोंद केली नाही. लेगोचा २६४६ तुकड्यांचा टीव्ही आणि यंत्राचा संच अजून माझ्या आवाक्याबाहेर आहे.

मार्च: सात किल्ले

हे काम डिसेंबरपासून चाललं होतं. १९८५ च्या मूळ गेममधल्या पहिल्या सात किल्ल्यांतले ड्रॅगन खरे नसतात, सोंग घेतलेले असतात. कुऱ्हाडीनं पूल पाडला तर ते कळत नाही. गोळ्या मारणारा मारिओ शेवटपर्यंत जपून नेला आणि पाच गोळ्या बसवल्या, तरच सोंग उतरतं आणि आतला खरा जीव उलटा होऊन पडतो. एकदा जरी धक्का लागला तरी मारिओ एकदम छोटा होतो आणि सगळं वाया. म्हणून वेळ लागतो.

पहिल्या किल्ल्यात मश्रूमसारखा गुंबा. दुसऱ्यात साधं कासव. तिसऱ्यात काळ्या पाठीचा भुंगा, चौथ्यात काटेरी. पाचव्यात ढगावर बसणारा लाकितू निघाला, तो बिनढगाचा बघून कसंतरीच वाटलं. सहाव्यापासून ड्रॅगन हातोडे फेकतो. तिथं मी अकरा वेळा मेलो, बाराव्यांदा आतून पाण्यातला ब्लूपर पडला. हे सगळं फेब्रुवारीअखेर झालं होतं.

सातवा १० मार्चला करायचं ठरवलं होतं, मारिओ डे म्हणून (इंग्रजीत Mar10 लिहिलं की Mario सारखं दिसतं). त्या दिवशी दोनदा प्रयत्न केला, दोन्हीदा चकव्यातच वेळ संपला. मग वाट कागदावर काढली. तीन दिवस नुसता वरचा, मधला, खालचा रस्ता असा तक्ता करत होतो, गोळ्यांचा विचारच केला नाही.

काल रात्री सव्वादहाला तो पडला. इन्व्हर्टर लावलेला होता, टीव्ही आणि गेम दोन्ही त्याच्यावर. चकवा पहिल्या फेरीत सुटला. पुलापाशी गोळ्या मारणारा मारिओ शाबूत. हातोड्यांचा झोत थांबायची वाट बघितली, मग लागोपाठ पाच. ड्रॅगन गेला आणि उलटा होऊन पडला तो हातोडेवाला.

सगळं फोनवर रेकॉर्ड केलंय, चकव्यापासून शेवटपर्यंत. नोंद क्र. २१२. शेरा: 'पुढच्या उरुसात गल्लेवाल्याला दाखवायचं. वाटेचा तक्ता सोबत न्यायचा.'